गाडी विजेची, प्रश्न वायरीचा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



विजेवर चालणारी मोटार घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती किमतीची. दुसरा प्रश्न लगेच येतो, ‘चार्ज कुठे करायची?’ विक्रेता सांगतो, भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर घ्या, म्हणजे घरीच स्टेशन झाले. ओळखीचा कोणी सांगतो, कशाला खर्च करता, गिझरचा असतो तसला पंधरा अँपिअरचा पॉइंट पुरेसा आहे. आणि सोसायटीची कमिटी सांगते, दोन्ही नकोत, आग लागली तर जबाबदार कोण? तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून आज ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यातल्या माणसाने या प्रश्नाकडे कसे पाहावे, ते जरा हिशेबाने बघू.

आपल्या भागाला विजेची वाहने नवी नाहीत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली. ठाकुर्लीचे चोळा वीजगृह रेल्वेसाठीच उभारलेले होते. फरक एवढाच की लोकल डोक्यावरच्या तारेतून वीज घेत धावते, आणि मोटारीला आपली वीज पोटात साठवून न्यावी लागते. साठवायची म्हटली की किती आणि किती वेळात, हे दोन प्रश्न आले.

आधी किती ते पाहू. आपल्याकडची मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. रोज चाळीस किलोमीटर गाडी फिरली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही सहा-सात युनिट लागतात. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत कामावर जायला लोकल आणि गाडी शनिवार-रविवारी, असाच रिवाज आहे. त्यांचे रोजचे सरासरी धावणे याहूनही कमी.

आता वेळ. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर, गाडीबरोबर मिळणाऱ्या केबलने, दोन ते तीन किलोवॉट या गतीने वीज भरते. म्हणजे दिवसभराची सहा युनिटे दोन-तीन तासांत परत येतात. गाडी तर रात्री दहा ते सकाळी सहा उभीच असते. भिंतीवरचा मोठा चार्जर बत्तीस अँपिअर घेतो आणि सातेक किलोवॉट देतो. तो हेच काम तासाभरात करील. पण उरलेले सात तास गाडीने काय करायचे? झोपायचेच ना!

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला आपण भिंतीवरचा चार्जर म्हणतो, तो खरा चार्जर नव्हेच. तो म्हणजे संरक्षण असलेला, गाडीशी बोलणारा एक स्विच. घरातल्या एसी विजेची डीसी वीज करून बॅटरीत भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. तो तीन किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर सातचा डबा लावूनही वीज तीनच्याच गतीने भरणार. म्हणून खरेदीच्या आधी विक्रेत्याला विचारा, गाडीतला चार्जर किती किलोवॉटचा? बाहेरच्या डब्याचा विचार त्यानंतर.

मग साधा पॉइंट पुरे म्हणणाऱ्याचे खरे का? अर्धेच. २००१ मध्ये बंगळूरची ‘रेवा’ आली, तीही घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत असे. त्यामुळे कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. पण गिझर आणि मोटार यांत मोठा फरक आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद पडतो. मोटार तेवढाच प्रवाह सलग काही तास, बॅटरी अगदी रिकामी असेल तर रात्रभर ओढते. जुने सॉकेट, सैल झालेला स्क्रू, वर्षानुवर्षांची बारीक वायर हे सगळे गिझरला चालून गेलेले असते. ते मोटारीखाली तापते, काळे पडते, वितळते. आगीची भीती घालणाऱ्या कमिटीचे म्हणणे इथे खरे ठरते. धोका वायरीचा आणि जोडणीचा आहे, मोटारीच्या चार्जिंगचा म्हणून वेगळा नाही.

याचे उत्तर नियमांतच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा विनियमांत विजेच्या वाहनांसाठी तरतुदी घातल्या. त्यांचा आशय असा: प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे आणि त्याला जादा प्रवाहापासून संरक्षण हवे. गळती झाली तर तीस मिलिअँपिअरच्या आत वीज तोडणारे उपकरण हवे. सॉकेट जमिनीपासून किमान आठशे मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून थोडे वर हवे. गाडी पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहावी. आणि एक्स्टेन्शन कॉर्ड वापरायची नाही. ही शेवटची अट आपल्याकडे सर्रास मोडली जाते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली केबल कुठेतरी नजरेला पडतेच.

अडीच फुटांच्या अटीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर पट्ट्यात कसे घुसले, हे इथल्या माणसाच्या लक्षात आहे. जिथे दरवर्षी स्टिल्टमध्ये पाणी साचते, तिथे अडीच फूटही कमीच. पाण्याची जुनी खूण भिंतीवर शोधा आणि पॉइंट तिच्या वर घ्या.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा: बहुतेक घरांना स्टेशनची गरज नाही, स्वतंत्र लाइनची आहे. आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत योग्य जाडीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, गळती तोडणारे उपकरण, चांगले अर्थिंग आणि औद्योगिक दर्जाचे सॉकेट. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

मोठा चार्जर कोणाला हवा? ज्याचे रोज शंभर-दीडशे किलोमीटर होते, जो वरचेवर पुण्या-नाशिकला जातो, ज्याच्या घरी दोन विजेच्या गाड्या आहेत किंवा जो गाडीवर व्यवसाय करतो, त्याला. पन्नास युनिटांची रिकामी बॅटरी तीन किलोवॉटने भरायला सोळा-सतरा तास लागतात, सातने सात-आठ. तिथे फरक पडतो. मात्र आधी विजेच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ हा रकाना वाचा. घराचाच भार तीन-चार किलोवॉट मंजूर असेल, तर एसी आणि गिझरसोबत सात किलोवॉट त्यात बसणार नाहीत. महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागेल, आणि त्याबरोबर खर्चही येईल.

आता बिलाची गोष्ट. स्वतःच्या घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज केली, तर दर घरगुतीच लागतो. पण घरगुती दर पायऱ्यांचा आहे. शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पुढे चौथा. महिन्याला हजार किलोमीटरसाठी दीडशेच्या आसपास युनिटे लागतात असे धरा. ज्या घराचे बिल आधीच दोनशे नव्वद युनिटांचे आहे, त्यांच्या गाडीची जवळजवळ सगळी वीज तिसऱ्या, महागड्या पायरीवर पडते. अशांनी वेगळ्या जोडणीचा हिशेब करावा. वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी केलेली आहे. तिला पायऱ्या नाहीत, पण स्थिर आकार आहे आणि दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशी वेगळी जोडणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. गाडी कमी फिरत असेल, तर दर महिन्याचा स्थिर आकार बचत खाऊन टाकतो. दोन्ही बाजूंची बेरीज कागदावर मांडा आणि मग ठरवा.

आता सर्वांत अवघड भाग, सोसायटी. घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यांत पार्किंगचे चार-चार मजले आहेत. नौपाड्यातल्या तीन मजली इमारतीत जेमतेम सहा गाड्या बसतात. डोंबिवलीतल्या कित्येक जुन्या इमारतींना पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यांनी घरच्या चार्जरचा विचार सोडून जवळच्या सार्वजनिक केंद्राची किंवा कचेरीतल्या पॉइंटची आधी खात्री करावी.

ज्यांना जागा आहे, त्यांचाही पेच आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना घरी आणि कचेरीत खासगी चार्जिंगला २०१८ पासून मुभा देतात. पण वायर जाते जिन्याशेजारून, स्टिल्टमधून, आणि ती जागा सर्वांची. स्टिल्ट आणि मोकळे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. जागा सोसायटी वाटते, आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तिथे चिठ्ठ्या टाकून वाटते. यंदा तुमच्या वाट्याला आलेली जागा पुढच्या वर्षी शेजाऱ्याकडे गेली, तर भिंतीवर बसवलेल्या महागड्या डब्याचे काय करणार? स्वतःच्या स्टेशनचा आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे.

कमिटीनेही नुसता नकार देऊन भागणार नाही. एक हिशेब करून पाहा. समजा इमारतीत वीस विजेच्या गाड्या झाल्या. प्रत्येकाने सात किलोवॉटचा चार्जर लावला आणि सर्वांनी रात्री दहाला सुरू केला, तर एकदम एकशे चाळीस किलोवॉट. मे महिन्यात त्याच वेळी घरोघर एसी चालू असतात. मुख्य केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांना ते झेपणार नाही. पण प्रत्येक गाडीला रोज सहाच युनिटे लागतात. वीस गाड्यांची मिळून एकशे वीस. ती आठ तासांत वाटून भरली, तर सरासरी भार पंधरा किलोवॉट. एकशे चाळीस कुठे आणि पंधरा कुठे! वीस जणांनी वीस वेळा भिंत फोडण्याऐवजी सोसायटीने एकच स्वतंत्र जोडणी घ्यावी, एक पॅनेल, प्रत्येक पॉइंटला उपमीटर आणि पाळीपाळीने वीज देणारी व्यवस्था करावी. ज्याने जेवढी वापरली, त्याने तेवढे पैसे द्यावेत. जिन्यातल्या दिव्याच्या आणि पंपाच्या मीटरवरून कोणी गुपचूप चार्ज करू नये. गाडी नसलेल्या आजोबांच्या देखभाल खर्चात दुसऱ्याच्या गाडीची वीज जाणे न्यायाचे नाही.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना तर आत्ताच संधी आहे. नौपाड्यात आणि डोंबिवलीत अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. करारनामा होण्याआधी मीटर रूमपासून प्रत्येक पार्किंगपर्यंत रिकामा पाइप आणि पॅनेलसाठी जागा लिहून घ्या. बांधकामाच्या वेळी पाइप घालणे स्वस्त पडते, नंतर भिंती फोडून तो घालणे महाग आणि भांडणाचे.

शेवटी व्यवहाराचे तीन सल्ले. गाडीची नोंदणी करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी घ्या. अर्जासोबत वायर कुठून जाईल याचा साधा नकाशा आणि ठेकेदाराचे पत्र जोडा. म्हणजे सभेत आगीची चर्चा हवेत न होता वायरीच्या जाडीवर होईल. दुसरे, लाइन आधी टाका, डबा नंतर. वायर पुरेशी जाड घातली असेल, तर सहा महिने साध्या पॉइंटवर काढून पाहा आणि खरोखर अडले तरच मोठा चार्जर आणा. आणि तिसरे, पहिल्या महिन्यात तास-दोन तास चार्जिंग झाले की बंद करून सॉकेट हाताने चाचपून पाहा. ते कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.