संगीतशिक्षक ऑलिव्हिए मेसियां
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं देवळाच्या भिंती कोणीं उभारिल्या, घंटा कोणीं अर्पण केली, याचें स्मरण होतें, व तें व्हावें हें योग्यच आहे. परंतु दर रविवारीं मागील माडीवरून जे गातात व वाजवितात, त्यांच्याकडे पाठ करूनच आम्ही सर्व बसतों. सूर तेवढा कानीं येतो. मनुष्य दिसत नाहीं. म्हणून अशाच एका सेवकाचें चरित्र आज आपणांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते आपल्या देशाचे नव्हेत व आपल्या भाषेचेहि नव्हेत. पण आपल्याच पवित्र ख्रिस्तसभेचे पुत्र होते.

ऑलिव्हिए मेसियां यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजीं फ्रान्समधील आव्हिन्यों या गांवीं झाला. वडील इंग्रजीचे शिक्षक व शेक्सपीअरचे भाषांतरकार; आई कवयित्री. वयाच्या अकराव्या वर्षीं ते पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयांत दाखल झाले. १९३१ सालीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्याच शहरांतील पवित्र त्रैक्याच्या देवळांत त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. पुढें त्यांची कीर्ति जगभर पसरली. तरी १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, ती जागा त्यांनीं सोडिली नाहीं.

ही सेवा नेहमींच गोड होती असें नाहीं. त्यांचे नवे स्वर पॅरिशमधील कित्येकांस रुचत नसत. तेव्हां एका मिस्सेस जुनें ग्रेगोरियन गायन, दुसरीस पूर्वीच्या थोर संगीतकारांच्या रचना, व तिसरीस स्वतःचें नवें संगीत, अशी वांटणी झाली. नाराजी झाली म्हणून ते रुसून घरीं बसले नाहींत. आणि आपलेंच खरें असा हट्टहि त्यांनीं धरिला नाहीं.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें व त्यांस सैन्यांत जावें लागलें. दृष्टि अधू असल्यामुळें बंदुकीऐवजीं रुग्णसेवेचें काम त्यांच्याकडे आलें. १९४० सालीं जर्मनांनीं त्यांस पकडून ग्योर्लित्स येथील कैद्यांच्या छावणींत नेलें. तेथें क्लॅरिनेट, व्हायोलिन व चेलो वाजविणारे तीन कैदी त्यांच्यासोबत होते. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नांवाच्या एका जर्मन पहारेकऱ्यानें स्वरलेखनासाठीं कागद पुरविला. शत्रूच्या गणवेशांतहि एक दयाळू हृदय होतें, हें विसरूं नये.

तेथें त्यांनीं 'काळाच्या अंतासाठीं चौकडी' ही रचना पुरी केली. ती प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायांतील देवदूतावर आधारलेली आहे. तिचे भाग आठ. सात हा सृष्टीच्या पूर्णतेचा अंक, आणि सातवा विश्रामदिन जेव्हां अनंतांत वाढतो तेव्हां आठवा उगवतो, असा त्यांचा भाव होता. १५ जानेवारी १९४१ रोजीं, कडाक्याच्या थंडींत, कैदी व पहारेकरी यांच्यासमोर ती प्रथम वाजविली गेली. पियानो मोडकळीस आलेला होता; पण आशा मोडलेली नव्हती.

येथें आपणां महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतों. तेराव्या शतकांत देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या आश्रयास शार्ङ्गदेव हे पंडित होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत १२० देशी तालांची यादी आहे. फ्रेंच ज्ञानकोशांतून ती मेसियां यांच्या हातीं आली, व त्यांतील ताल त्यांनीं आपल्या रचनांत गुंफिले. त्या चौकडीच्या पहिल्याच भागांत पियानोचा लयबंध रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन तालांचा आहे. देवगिरीचा ताल अशा रीतीनें कैदेंत प्रभूच्या स्तुतीस लागला!

१९४१ सालीं सुटका झाल्यावर ते त्याच संगीतविद्यालयांत शिक्षक झाले व १९७८ पर्यंत शिकवीत राहिले. पिएर बूलेझ व कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन हे त्यांचे शिष्य. यानिस झेनाकिस हा ग्रीक तरुण स्वदेशांतील लढाईंत एक डोळा गमावून आला होता. तो शिक्षणानें इंजिनिअर. प्राथमिक धडे पुन्हां गिरवूं काय, असें त्यानें विचारलें. मेसियां यांनीं तसें करूं नको म्हणून सांगितलें, व आपलें गणितच संगीतांत आणावयास सुचविलें. शिष्यास आपली प्रतिकृति करणें सोपें. त्याला देवानें दिलेलें दान ओळखणें कठीण. यांतच खरा गुरु दिसतो.

घरीं मात्र दुःख होतें. त्यांच्या प्रथम पत्नी, व्हायोलिनवादक क्लेअर देल्बोस, यांची शस्त्रक्रियेनंतर स्मृति गेली. १९५९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या शुश्रूषागृहांत होत्या. मुलाचें संगोपन पित्यावर पडलें.

पुढें दोन महायुद्धांतील मृतांच्या स्मरणार्थ रचना करण्यास सरकारनें त्यांस सांगितलें. ती ७ मे १९६५ रोजीं पॅरिसच्या सेंत शापेल येथें वाजविली गेली. या जुन्या सैनिकानें तिचें नांव विजयावरून ठेविलें नाहीं. मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहण्याविषयींचे आपल्या श्रद्धासूत्रांतील शब्द त्यानें घेतले.

बंधूंनो, भगिनींनो, या चरित्राचा आमच्याशीं संबंध काय? संबंध हा कीं, गायन हें सणाच्या मंडपाप्रमाणें भाड्यानें आणतां येत नाहीं. तें शिकविणारा कोणी असावा लागतो, शिकणारीं मुलें असावीं लागतात, आणि तीं चुकत असतां धीर धरणारी मंडळी असावी लागते. यांपैकीं एक जरी तुटलें, तरी एका पिढींत माडी मुकी होते. मग पुढील ज्युबिलीस भिंती राहतील, घंटाहि राहील, पण गाणारें कोणी राहणार नाहीं. म्हणून ज्यांना सूर आहे त्यांनीं तो लपवूं नये; ज्यांना नाहीं त्यांनीं आपलीं मुलें तालमीस धाडावीं; आणि जे शिकवितात त्यांचे आभार त्यांच्या हयातींतच मानावे.

प्रभु आपल्या या सेवकास सार्वकालिक शांति देवो, व आमच्या देवळांत त्याच्या स्तुतीचा स्वर अखंड राखो. आमेन.