बारावीच्या इंग्रजीतले वीस गुण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या जिल्ह्यात, जिंतूरपासून पालमपर्यंत, घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'बाकीचं ठीक आहे, पण इंग्रजीचं कसं?' गणित जड जात असेल तर ते टाळून शाखा निवडता येते. इंग्रजी मात्र राज्य मंडळाच्या बारावीला कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वांनाच सक्तीचं आहे. त्यामुळे जो बसतो तो इंग्रजीला बसतोच, आणि त्याला 'इंग्रजी येतं' की नाही, हे त्या एका पेपरावरून ठरतं.

इंग्रजी कसं शिकवावं यावर पुष्कळ बोललं जातं. मला आज बोलायचं आहे ते इंग्रजी मोजावं कसं, यावर. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षं हा विषय शिकवला, पेपर काढले, गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. शिकवण्यापेक्षा मोजणं अवघड आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी बारावीचा पेपर पाहू. लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यात गद्य विभाग ३४ गुणांचा, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी हा साहित्यप्रकार १६. उरलेले २० गुण तोंडी आणि प्रकल्पासारख्या अंतर्गत कामाचे. ते कॉलेजच्या हातात. कागदावर ही रचना चांगली आहे. पाठ्यपुस्तकाबाहेरचा, मुलानं पूर्वी न पाहिलेला उतारा त्यात येतो आणि त्याला १२ गुण आहेत. माझ्या मते सगळ्या पेपरात सर्वांत प्रामाणिक प्रश्न तोच. तिथं पाठांतर चालत नाही, वाचावंच लागतं.

आता व्याकरणाकडे वळू. 'सूचनेप्रमाणे बदल करा' हा प्रश्न पालकांच्याही ओळखीचा असेल. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा. 'ही इज टू वीक टू वॉक' याचं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' करा. आमची मुलं हे दहा सेकंदांत करतात. 'टू'च्या जागी 'सो', पुढे 'दॅट', मग 'कॅनॉट', झालं. पण त्याच मुलाला म्हणा, 'अरे, आज उशीर का झाला, इंग्रजीत सांग.' तो म्हणतो, 'सर, मराठीत सांगू का?' 'बस उशिरा आली' एवढं एक वाक्य, आणि ते बाहेर पडत नाही. त्याला व्याकरण येत नाही असं नाही. आपण त्याच्याकडून सूत्र करून घेतलं आणि भाषेचे गुण दिले.

लेखनकौशल्यातली गंमत तर याहून मोठी. गटचर्चा, मुलाखत, भाषण, सूत्रसंचालन हे सगळे प्रकार या विभागात आहेत. विचार करा, हे चारही प्रकार तोंडानं करायचे. आपण ते लिहून घेतो. गटचर्चा म्हणजे एकाच मुलानं तीन-चार काल्पनिक मित्रांची नावं टाकून एकट्यानं लिहिलेले संवाद! मुलाखत म्हणजे समोर कुणी नसताना लिहून काढलेले प्रश्न. पोहण्याची परीक्षा घ्यायची आणि मुलाला म्हणायचं, पाण्यात हातपाय कसे मारशील ते लिही.

कवितेच्या रसग्रहणाचं तेच. दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता पुस्तकात आहे. मुंबईच्या लोकलनं घरी परतणारा थकलेला बाप तिच्यात आहे. ज्याचा बाप दिवसभर रानात राबून येतो, त्या मुलाला ही कविता किती आतून कळायला हवी! पण हाती येतं ते गाइडमधलं साच्याचं रसग्रहण. कवितेचं नाव बदला, कवीचं नाव बदला, 'साधी भाषा, सुंदर कल्पना, मला ही कविता आवडली' कायम. साचा एकच असल्यानं तपासणाराही साच्यानंच गुण देतो. दोष मुलाचा कसा म्हणावा? प्रश्न दरवर्षी त्याच जागी, त्याच रूपात येणार असेल तर शहाणा माणूस उत्तर पाठ करणारच.

२०२३ च्या बारावीला एक प्रकार घडला, तो आपल्याला आठवत असेल. २१ फेब्रुवारीच्या इंग्रजीच्या पेपरात कविता विभागात प्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापला गेला; तपासणाऱ्यासाठीच्या सूचना आणि उत्तराचा नमुनाच मुलांसमोर आला. मंडळानं पुढे त्या प्रश्नांचे सहा गुण, ज्यांनी तो विभाग सोडवण्याचा प्रयत्न केला होता त्यांना देण्याचं ठरवलं. मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून ते योग्यच होतं. छपाईची चूक कुणाकडूनही होते. मला त्यात दुसरंच दिसलं. बाहेर चर्चा झाली ती सहा गुण मिळणार की नाही याची. त्या सहा गुणांनी कवितेची कोणती समज मोजली जाणार होती, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही.

परीक्षाशास्त्रात दोन गोष्टी सांगतात. एक विश्वासार्हता, दुसरी यथार्थता. शब्द जड आहेत, पण मानवतच्या बाजारात कापूस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला त्या सहज कळतील. काटा असा हवा की सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, वजन तेच भरलं पाहिजे. ही झाली विश्वासार्हता. पण कापसाचा ओलावा किती, हे विचारलं आणि तुम्ही पुन्हा वजनच करून दाखवलं, तर काटा कितीही चोख असला तरी उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे. ओलाव्याला ओलाव्याचंच यंत्र लागतं. यथार्थता म्हणजे एवढंच. आपला लेखी पेपर वजनकाट्यासारखा आहे. वाचन आणि लेखन तो काही प्रमाणात मोजतो. ऐकणं आणि बोलणं त्याच्या आवाक्यातच नाही.

आपल्याकडे इंग्रजी उशिरा का रुजलं, त्याला इतिहासही आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. आपल्या आजोबांच्या पिढीनं कारभाराची भाषा म्हणून उर्दू शिकली आणि उतारवयात मराठीचा कारभार पाहिला. पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून आलं २००० साली. म्हणजे आज बारावीला बसणारं मूल बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. बारा वर्षं थोडी नाहीत.

त्या बारा वर्षांचं फळ काय? 'असर' या पाहणीनं २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ३५ हजार मुलामुलींना भेटून तपासलं. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा आपल्या शेजारचा, नांदेड. देशभराचा आकडा असा, की इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकणारे १०० पैकी ५७. त्या वाचणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारे सुमारे तीन चतुर्थांश. गुणाकार केला तर वाचून अर्थ कळणारे शंभरात ४२ च्या आसपास. मला या पाहणीची पद्धत आवडते. समोर बसायचं, मुलाकडून वाचून घ्यायचं, आणि मग विचारायचं, 'याचा अर्थ काय?' हा दुसरा प्रश्नच आपण वर्गात विचारायचं विसरतो. खडाखडा वाचणाऱ्या मुलाला आपण हुशार म्हणून मोकळे होतो.

याची किंमत मुलांना बारावीनंतर मोजावी लागते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं पदवीचं शिक्षण इंग्रजीतून चालतं. सोनपेठच्या, पाथरीच्या मुलाला बारावीच्या इंग्रजीत सत्तर गुण असतात, आणि जमिनीचा सामू, किडींचं जीवनचक्र अशा विषयांचा तास इंग्रजीतून सुरू झाला की त्याचे कान बंद होतात. विषय त्याच्या घरचा असतो! बोंडअळी त्यानं शिक्षकांपेक्षा जास्त पाहिलेली असते. पण ऐकून कळणं आणि उठून विचारणं, या दोन गोष्टी त्याच्याकडून कुणी करून घेतलेल्या नसतात, आणि त्या येत नाहीत हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. गुणपत्रिकेनं उलटंच सांगितलेलं असतं.

म्हणून मी त्या वीस गुणांकडे येतो. लेखी पेपर पुण्याहून ठरतो. त्यात आपण फार काही करू शकत नाही. अंतर्गत गुण मात्र इथंच, आपल्या कॉलेजात दिले जातात. ते कसे दिले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला लेखीत पंचवीस पडतात त्यालाही अंतर्गतमध्ये अठरा असतात. शिक्षकांनाही दोष देता येत नाही. शेजारच्या कॉलेजनं एकोणीस दिले तर आपल्या मुलांचं नुकसान का करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. पण मग ऐकण्या-बोलण्याचा एकमेव कोपरा होता, तोही गेला.

हे गुण खरोखर मोजून द्यायचे ठरवलं तर काय लागतं? भाषा-प्रयोगशाळा नको, परदेशी ध्वनिफिती नकोत. ऐकण्यासाठी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या आहेत. मोबाइलवर मुद्रित करून वर्गाला दोनदा ऐकवा आणि पाच प्रश्न विचारा. कोण बोललं, कुठं घडलं, किती रक्कम. पूर्णा जंक्शनला फलाटावर इंग्रजीत घोषणा होते. ती ऐकून गाडी कुठली, फलाट कोणता, किती उशीर, एवढं मुलानं लिहून दाखवावं. सगळ्या वर्गाची ही चाचणी अर्ध्या तासात होते.

बोलण्यासाठी विषयही आपलेच घ्यावेत. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक यांचा उरूस भरतो. बाहेरगावच्या पाहुण्याला तो समजावून सांग. चारठाण्याच्या जुन्या मंदिरांपर्यंत कसं जायचं ते सांग. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरात काय काय चालतं ते सांग. यात पाठ करण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखं भरपूर आहे. 'माय बेस्ट फ्रेंड'वर पाठ केलेल्या दहा ओळी म्हणून घेण्यात काय अर्थ आहे?

वाचन तपासायला १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकानं एक साधी युक्ती काढली होती. उतारा घ्यायचा, ठरावीक अंतरानं, समजा दर सातवा शब्द, गाळायचा आणि वाचणाऱ्यानं तो भरायचा. ती निघाली होती वर्तमानपत्राचा मजकूर वाचकांना किती सोपा जातो हे पाहायला. आज जगभर ती भाषेच्या चाचणीत वापरतात. खडू आणि फळा एवढ्यावर ती होते.

'सर, वर्गात एकशेवीस पोरं आहेत, एकेकाला कधी बोलतं करणार?' असं तरुण शिक्षक मला विचारतात. हिशेब करून पाहू. केंब्रिजच्या काही परीक्षांत दोन उमेदवार एकत्र बसवून त्यांना आपसांत बोलायला लावतात. तसं केलं तर एकशेवीस मुलांच्या साठ जोड्या. जोडीला आठ मिनिटं धरली तर ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास. रोज दोन तास काढले तर चार दिवस. एका शिक्षकानं बोलायचं, दुसऱ्यानं गुण लिहायचे. दोन मुलं समोरासमोर असली की भीतीही निम्मी होते, हा माझा अनुभव आहे.

गुण कशाचे द्यायचे, हे आधी फळ्यावर लिहून ठेवावं. सांगायचं ते समोरच्याला कळलं का? अडल्यावर दुसऱ्या शब्दांत सांगता आलं का? समोरच्याचं ऐकून उत्तर दिलं का? उच्चार लंडनचा हवा असा हट्ट नको. मराठी वळणाचा पण स्पष्ट उच्चार पूर्ण गुणांना पात्र आहे. 'ए' आणि 'द' चुकले म्हणून मुलाला मध्येच तोडणारे परीक्षक मी पाहिले आहेत. मराठीत ते शब्दच नाहीत, ते चुकणारच. मध्येच तोडलेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

राहिला पक्षपाताचा प्रश्न. केंद्रीय मंडळानं, म्हणजे सीबीएसईनं, २०१२ च्या सुमारास नववी आणि अकरावीला ऐकण्या-बोलण्याची वीस गुणांची चाचणी आणली होती. त्यात काही मुलांच्या बोलण्याचं मुद्रण जपून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे दिलेले गुण बाहेरून तपासता येतील. पुढे ती योजना मागे पडली, पण मुद्रणाची कल्पना मला पटते. सेलूच्या कॉलेजनं दहा जोड्यांचं मुद्रण गंगाखेडला पाठवावं, गंगाखेडनं सेलूला. नाव न सांगता तिकडच्या शिक्षकानं गुण द्यावेत आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. फरक फार पडला तर दोघांनी बसून बोलावं. मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचं यात काही कारण नाही. आठवड्याभराचं काम आहे.

पालकांना एक सांगायचं आहे. लेखी परीक्षेच्या आधी, हिवाळ्यात, कॉलेजात तोंडी परीक्षा होते. त्या दिवशी मूल घरी आलं की 'किती मिळतील?' एवढंच विचारू नका. 'तुला काय ऐकवलं? तू काय बोललास, किती वेळ बोललास?' हेही विचारा. 'सही घेतली आणि सोडलं' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी दोन-चार पालकांनी मिळून कॉलेजात जावं आणि शांतपणे विचारावं, की आमच्या लेकराचं इंग्रजी आपण ऐकलं का?