सपत्नीक

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात बोईसर येथे सत्काराला उत्तर देताना केलेले भाषण)



 मी वीणेकरी माणूस. गळ्यात वीणा असली की चार शब्द चालीत निघतात, वीणा उतरवली की सुचत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘यांचा सपत्नीक सत्कार’ असं छापलं गेलंय. जुन्या पत्रिकेचा मजकूर तसाच पुढे आला. कमिटीची पोरं घरी येऊन हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, राहू द्या रे. मला आज त्या एका शब्दावरच बोलायचंय.

आपला भाग भाताचा. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते ती ज्येष्ठ वद्यात, नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस धरतो. राबातली रोपं हातभर होतात आणि आवणी अंगावर येते. देशावरच्या वारकऱ्याला पेरणी उरकून निघता येतं. आपल्या पालघरकडच्या माणसानं आषाढीला जायचं म्हणजे ऐन आवणीत घर सोडायचं. म्हणून तर आपल्यातले पुष्कळजण कार्तिकीच करतात. मी मात्र एकतीस वर्षं आषाढी केली. तारापूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, वीस दिवस बिनपगारी रजा टाकायचो आणि बोईसरहून पहाटेच्या गाडीनं निघायचो. लोक म्हणतात काय निष्ठा! अहो, त्या वीस दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून रोप कोण लावत होतं? पगार नसलेल्या महिन्याचा किराणा कोण भागवत होतं? हिनं सून घरात आल्यावर सहा वाऱ्या केल्या, डोक्यावर तुळस घेऊन. माझ्या एकतीस, तिच्या सहा. आणि सत्कार माझा.

आमच्या घरी पंडित भीमसेन जोशींच्या संतवाणीची कॅसेट होती. रेकॉर्डर चुलीच्या खोलीत, त्यामुळे त्याच्यावर पिठाचा थर कायमचा. पंडितजी गदगच्या बाजूचे, मातृभाषा कानडी. पण तुकोबांचा अभंग त्यांनी उचलला की कानडी माणूस गातोय असं कधी वाटलं नाही. आपला विठोबासुद्धा कानडीच की. वारीत न गेलेल्या लाखो घरांत या माणसानं पंढरी नेऊन ठेवली.

२००८ च्या नोव्हेंबरात त्यांना भारतरत्न जाहीर झालं. देशातला सगळ्यात मोठा मान. प्रकृती बरी नव्हती, दिल्लीला जाणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्या फेब्रुवारीत तो पुण्यात घरी आणून दिला. बातम्यांत ते दाखवलं तेव्हा आम्ही दोघं जेवत होतो. हिनं विचारलं, “त्यांची मंडळी कुठं दिसत नाहीत?” मी सांगितलं, वत्सलाबाई २००५ सालीच गेल्या. ही घास हातात धरून थांबली. म्हणाली, “अगं बाई. मग दाखवणार कुणाला?”

त्या वेळी मला ते बाईमाणसाचं बोलणं वाटलं. एवढा मोठा मान, सगळा देश बघतोय, आणि हिला पडलंय दाखवणार कुणाला.

वत्सलाबाई स्वतः गाणाऱ्या होत्या. गुरूंच्या स्मरणार्थ पंडितजींनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्या महोत्सवात आज त्यांच्या नावानं पुरस्कार देतात. पंडितजींचा संसार सरळ रेघेतला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. लग्नं दोन. पहिल्या घरच्या मुलानं, राघवेंद्र जोशींनी, ‘गाणाऱ्याचे पोर’ नावाचं पुस्तकच लिहिलंय. म्हणजे गाणं आपण सगळ्यांनी ऐकलं, पण त्याची किंमत घरातल्या माणसांनी मोजली. मान त्यांनी हिंदुस्थानी गाणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं घेतो असं म्हटलं होतं. मोठेपणा त्यांचा. पण रात्री माणसं गेल्यावर, दार लागल्यावर, त्या घरात काय झालं असेल ते मला तीन वर्षांपूर्वी कळलं. ही कार्तिकात गेली. पंधरा दिवसांनी देवळात कुणीतरी मला शाल घातली. घरी आलो, शाल खुर्चीवर ठेवली, आणि हाक मारायला तोंड उघडलं. माउली, हाक बाहेर पडलीच नाही.

आता थोडं टोचेल असं बोलतो. बायको गेलेला मी इथं हार घालून उभा आहे. पण नवरा गेलेली किती बायका या व्यासपीठावर आल्या शंभर वर्षांत? दिंडीत तुळस त्यांच्या डोक्यावर चालते. पंगतीला भाकऱ्या त्यांच्या हातच्या. आणि ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून मागे सरकतात, कुणी ‘जा’ म्हणायच्या आधीच. इथून जवळ, डहाणूकडं कोसबाडला, अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत नवरा गेला. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या पोरांच्या बालवाड्या काढल्या. पोरं गुरांमागं जातात तर शाळाही कुरणात नेली. १९८५ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. दिल्लीला चालली ती बाई. आपल्या मांडवाला चालली असती का? मीही इतकी वर्षं विचारलं नाही, म्हणून हे आधी माझ्याकडे येतं.

तर कमिटीनं जोडप्यासाठी म्हणून शालीबरोबर एक लुगडंही आणून ठेवलंय. पत्रिकेत छापलं होतं ना, म्हणून. हिरवं आहे, हिला आवडलं असतं. ते परत दुकानात द्यायचं म्हणत होते. देऊ नका. ही गेल्यापासून हिची तुळस ज्या मावशींनी डोक्यावर घेतली, त्या तिकडं खांबामागं बसल्यात. मी त्यांना आधी काही सांगितलेलं नाही, नाहीतर त्या आल्याच नसत्या.

महाराज, आपली परवानगी असावी.

मावशी, या वर. अहो, तुम्हालाच. सूनबाई, हात धर त्यांचा. दुसरी फळी जरा हलते, जपून.