गच्चीवरील रेडिओ दुर्बीण
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत एका लहानशा उपकरणाविषयी बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. समा येथील आमच्या गच्चीवर काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी रेडिओ दुर्बीण उभारली, तिची ही हकीकत.

साहित्य साधेच होते. टीव्हीची ६० सेंटिमीटर व्यासाची टाकाऊ तबकडी, तिच्यापुढे बसणारा एलएनबी आणि तबकडी जुळवताना कारागीर वापरतात तो काट्याचा मापक. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही पाठवतो. तबकडी त्याच्याकडे वळली की काटा चढावा आणि मोकळ्या आकाशाकडे वळली की उतरावा, एवढीच अपेक्षा.

जुन्या सामानाचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या सहा फुटी ३२ तबकड्यांपासून प्रा. गोविंद स्वरूप व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याण येथे सूर्यनिरीक्षणाची दुर्बीण उभी केली. त्याच परंपरेतून १९७० मध्ये उटीची दुर्बीण आणि पुढे नारायणगावजवळ खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण साकारली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, आमचा काटा झपाट्याने चढला. मुलांचा आनंद गगनात मावेना. प्रदर्शन दोन दिवसांवर आले होते. 'आम्ही सूर्य ऐकला' असा फलकही रंगवून झाला. तेवढ्यात त्यांच्यातील सर्वांत अबोल मुलीने विचारले, "सर, तबकडी आपण हलवली नाही. तासाभरात सूर्य पंधरा अंश सरकला. मग काटा का उतरला नाही?"

आम्ही सूर्य ऐकलाच नव्हता. टीव्हीचे कार्यक्रम पाठवणारे उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात आणि त्या दिवसांत सूर्याचा मार्ग नेमका त्यांच्या रांगेवरून जातो. मुलांनी फलक उतरवला, प्रदर्शनातील नाव मागे घेतले. एकाच्या डोळ्यांत पाणी तरळले.

तेव्हा मी त्यांना कार्ल जान्स्कीची गोष्ट सांगितली. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत त्याला आपल्या यंत्रातील खरखर प्रथम सूर्याची वाटली. महिनोन्महिने नोंदी ठेवल्यावर ती दर २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने, परत येते असे दिसले. तिचा उगम आकाशगंगेत होता. त्याला शोध लावून दिला तो नोंदवहीने.

आम्हीही थांबलो. डिसेंबरात सूर्य उपग्रहांच्या रांगेपासून दक्षिणेस सुमारे वीस अंश दूर गेला. तबकडी त्याच्या किंचित पश्चिमेला रोखून स्थिर ठेवली. सूर्य आपल्या गतीने तिच्यासमोर आला आणि निघून गेला. काटा हळूहळू चढला, हळूहळू उतरला. एवढ्या तबकडीला एका वेळी आकाशाचा सुमारे तीन अंशांचा पट्टा ऐकू येतो. डिसेंबरातील सूर्य तो १३ मिनिटांत ओलांडतो. सलग तीन दिवस वहीत जवळपास तेवढीच मिनिटे उतरली, तेव्हाच मुलांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली.

ऑक्टोबरचे चुकलेले पान त्यांनी फाडलेले नाही. त्यांच्या संमतीने ती वही मी आज या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. पुढे येणाऱ्या मुलांना दोन्ही पानांची गरज पडेल.