स्वागताध्यक्षांचे भाषण : विज्ञानशिक्षक संमेलन, धाटाव

सन्माननीय अध्यक्षमहोदय आणि विज्ञानशिक्षक बंधुभगिनींनो,

कुंडलिकेच्या काठच्या या धाटाव ग्रामी स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

ज्या गावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनशास्त्र अहोरात्र राबते आहे, त्याच गावच्या शाळेतील मुलाला दहावीनंतर विज्ञानशाखा परकी वाटावी, हा विरोध आपल्या विचारविनिमयात अग्रस्थानी असावा, अशी माझी नम्र विनंती आहे. कारखाना त्याला ठाऊक असतो तो पाळीच्या वेळांतून आणि घरी येणाऱ्या पगारातून. भिंतीआड कोणती प्रक्रिया चालते हे त्याला कोणी दाखविलेलेच नसल्यामुळे ‘तिथे काम मिळेल का?’ हा प्रश्न त्याला सुचतो, ‘तिथे काय घडते?’ हा सुचत नाही.

बुद्धीची वाण या भूमीत कधीच नव्हती. ज्यांचे बालपण रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिला क्रमांक मिळविला, केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे अध्ययन करून १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक संपादन केले, आणि पुढल्याच वर्षी सनदी परीक्षेत अव्वल येऊन ते मुलकी कारभाराकडे वळले. त्यांच्या देशसेवेस आपण वंदनच करू. तथापि हुशार मुलाने सरकारी हुद्दाच धरावा, असा जो समज त्या काळी रूढ होता, तो आजही आईबापांच्या मनातून गेलेला नाही, आणि क्लासची फी व परगावच्या वसतिगृहाचा खर्च यांची त्यात भर पडली आहे. मुलीच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच कठोर होतो.

यांतील पुष्कळ गोष्टी शिक्षकाच्या अखत्यारीबाहेरच्या खऱ्या. परंतु प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्याच्याच हाती असते. परसातील जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून एखाद्या मुलीने स्वहस्ते त्यात लिंबू पिळावे, तो रंग गडद गुलाबी व्हावा, दुसऱ्या पेल्यात चुन्याची निवळी घालताच तो हिरवा व्हावा, आणि ‘असे का?’ हे तिच्या तोंडून आपसूक निघावे, यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून वसाहतीतील रसायनतज्ज्ञांनी दरवर्षी शाळांत यावे आणि नववीच्या मुलामुलींना कारखान्यांच्या प्रयोगशाळा पाहता याव्यात, असा ठराव या संमेलनाने अवश्य करावा. त्याच्या अंमलबजावणीस स्वागतमंडळ बांधील राहील.

आमच्या सरबराईतील न्यून आपण पदरात घ्याल, या विश्वासाने अध्यक्षमहोदयांनी संमेलनाची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.