यंत्राला वास येत नाही



कापसाचा भाव धाग्याची लांबी आणि ओलावा पाहून ठरतो. आपल्या मायबहिणींनी तिळाच्या तेलात माका उकळून केलेलं केसांचं तेल ॲमेझॉनवर ठेवलं, की तिथला ग्रेडर म्हणजे यंत्र. २०२४ साली 'रुफस' हा खरेदी-सहायक भारतात आला. गिऱ्हाईक त्याला विचारतं, "कोरड्या केसांना कोणतं तेल?" यंत्राला वास येत नाही, ते लिहिलेली माहिती आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचतं. "उत्तम, अस्सल" हे शब्द तिथं फोलपट.

म्हणून आम्ही सांगतो : घटक, मिलिलिटर, कोणत्या केसांना, कसं लावायचं, परवाना क्रमांक, मुदत, सगळं स्पष्ट लिहू. टक्कल बरं होईल असं मात्र लिहायचं नाही. ते कायद्यात बसत नाही, आपल्या इमानातही नाही.

आपल्या मालाची ओळख आपण लिहिली नाही, तर प्रतवारी पुन्हा दुसराच करील.