संगणकाचा वेग आणि मोजमापाची शिस्त



कालव्याचे मुख कितीही रुंद केले, तरी पोटचारी गाळाने भरलेली असेल तर शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही. संगणकाचेही तसेच आहे.

पुणे शहरात आज हजारो अभियंते आज्ञावल्या लिहितात. लिहिलेल्या आज्ञावलीचे कंपायलरकडून यंत्रभाषेत रूपांतर होते, तिचे भाग जोडले जातात, चाचण्या होतात आणि मगच ती सर्व्हरवर कार्यान्वित होते. या बांधणीस विलंब झाला की चुकीची दुरुस्तीही लांबते. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा आहे. त्या सेवेची आज्ञावली बिघडली, तर विलंबाची झळ खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाला बसते.

अडथळा नेमका कोठे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकत्र काम करीत. परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करणारे दुवे त्यांच्यात अंगभूतच होते. कारण निरोपाची वाट पाहणारा प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी रिकामाच बसतो.

हाच विचार कार्यालयातील यंत्रालाही लागू पडतो. बांधणी चालू असताना सर्व प्रोसेसर सतत व्यग्र असतील, तर अडचण तेथे आहे. ते रिकामे असून डिस्कपुढे कामांची रांग लागली असेल, तर दोष डिस्कचा. स्मृती अपुरी पडली, की संगणक तिच्यातील मजकूर डिस्कवर हलवू लागतो आणि गती एकदम मंदावते. तयार आज्ञावली सर्व्हरवर पाठविताना वेळ जात असेल, तर जाळे तपासावे. उन्हाळ्यात यंत्र तापल्यास प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तेथे उपाय पंख्याचा व धूळ झाडण्याचा आहे.

समजा, बांधणीस २० मिनिटे लागतात व त्यांतील १२ मिनिटे डिस्कची वाट पाहण्यात जातात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला, तर उरलेल्या ८ मिनिटांची ४ होतील. एकूण वेळ १६ मिनिटांवरच येईल. उलट, प्रोसेसर तोच ठेवून डिस्कची प्रतीक्षा १२ वरून ३ मिनिटांवर आणली, तर काम ११ मिनिटांत आटोपेल. एक अडथळा दूर झाला की दुसरा पुढे येतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजणे आवश्यक ठरते.

यंत्रखरेदीसाठी खर्च होणारा पैसा जनतेचा असतो. खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावास अशा मोजमापाची नोंद जोडली जावी. गाळ कोठे साचला आहे हे पाहूनच कुदळ उचलणे, हाच काटकसरीचा व कार्यक्षमतेचा मार्ग होय.